पळणाऱ्या मुलीची साखर

त्या हिवाळ्यात मी माझ्या आजवरच्या आयुष्यात सगळ्यात चांगली पळत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झालं त्यात मी याच एका वाक्याला धरून बसले होते. मुलुंडच्या आमच्या कॉलेजमागच्या मैदानावर रोज संध्याकाळी खो-खोचा सराव चालायचा. मी बचावाला उतरले की मला बाद करता करता समोरच्या मुलींना घाम फुटायचा. आमचे सर कुणाचं तोंडावर कौतुक करत नसत. एकदा त्यांनी दुसऱ्या क्लबच्या सरांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं आणि ते दोघंही हसले. ते हसणं मी घरी पोचेपर्यंत पुरवून पुरवून आठवत होते.

तशी मी या खेळात उशिरा आले. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे मुलींना थ्रोबॉल. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरत होते, तेव्हा एका मुलीने मला अडवलं आणि विचारलं, खो-खो खेळणार का. नकार द्यायला चार वाक्यं बोलावी लागली असती, म्हणून मी हो म्हटलं. ती मुलगी आमची कप्तान. भांडुपच्या चाळीत राहायची. तिचे वडील गिरणीत होते, संपानंतर एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले होते. तिचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज जायचा आणि तो तिने कधी आवरल्याचं मला आठवत नाही.

बाकीच्या मुलीही मराठी शाळांतून आलेल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं आणि मग त्यात काही टोचणारं उरलं नाही. त्या भराभर बोलायच्या, एकमेकींची पार धुलाई करायच्या, मी पायाची माती झटकत ऐकत बसायचे. खेळताना मात्र बोलायला लागत नाही. पाठीवर हात मारून खो द्यायचा, तेवढा एकच शब्द मोठ्याने म्हणायचा. तो म्हणायलाही मला काही दिवस लागले. पण मी अबोल आहे म्हणून तिथे कुणी मला वेगळं पाडलं नाही. ही चांगली पळते, एवढं त्यांना पुरेसं होतं. मलाही.

डिसेंबरात माझ्या ट्रॅक पॅन्टची नाडी जास्त जास्त आवळावी लागू लागली. सर म्हणाले, हलकी झालीस, बरं झालं. मलाही तसंच वाटलं. हूल देताना अंग आधीपेक्षा लवकर वळायचं. तहान खूप लागायची, पण पळून आल्यावर नळाला तोंड लावत नाही असं तिथे कोण होतं? दोन डावांच्या मध्ये ग्लुकोज पावडरचा डबा फिरायचा. तळहातावर घ्यायची आणि चाटायची. जिभेवर ती गार लागते. जानेवारीत मी दुसऱ्या डावात दमायला लागले, तेव्हा कप्तानने माझ्या हातावर डबा जवळजवळ पालथाच केला. "कॉन्व्हेंटचं पेट्रोल संपलं बघा," असं म्हणून तिने मला सगळं चाटायला लावलं. मग ते रोजचंच झालं. मी दमायचे, त्या मला ग्लुकोज द्यायच्या, मी आणखी दमायचे.

डॉक्टरांकडे गेले ती वेगळ्याच कारणाने. खांबाजवळ सूर मारताना गुडघा खरचटला होता आणि ती जखम काही केल्या सुकत नव्हती. आईने मला स्टेशनजवळच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यांनी जखम पाहिली, मग माझा चेहरा पाहिला आणि तहान किती लागते ते विचारलं. मग एक बाटली देऊन मला आत पाठवलं. मी परत आले तेव्हा त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला होता आणि नळीत निळं द्रावण घेतलं होतं.

ती तपासणी मला ओळखीची होती. मी सायन्सला होते. आम्ही प्रॅक्टिकलला हीच करायचो. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं होत जायचं, आणि साखर भरपूर असेल तर विटकरी. रंग आला की वहीत लिहायचं आणि मार्क घ्यायचे. डॉक्टरांच्या हातातली नळी बघता बघता थेट विटकरी झाली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की नळी नीट धुतलेली नसणार.

"डायबेटिस दिसतोय," ते म्हणाले. माझ्याशी नाही, आईशी.

आई हसली. खरंच हसली. "अहो, ही रोज दोन तास पळते."

डॉक्टरांनाही ते पटत नव्हतं, हे मला त्यांच्या कपाळावरून दिसलं. ते म्हणाले, रक्त तपासू आणि मग बघू. सकाळी उपाशीपोटी जायचं. आणि तोवर खेळ बंद.

खेळ बंद म्हणजे काय, ते त्यांना माहीत नव्हतं. महिनाअखेरीस जिल्ह्याच्या संघाची निवड होती. आमच्या मैदानावरून दोघींना बोलावणं आलं होतं, कप्तानला आणि मला. इतकी वर्षं मी कुठल्याही गोष्टीसाठी हात वर केला नव्हता. या एका गोष्टीसाठी मी हात वर न करताच माझं नाव पुकारलं गेलं होतं.

शिवाय डायबेटिस म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. डायबेटिस म्हणजे आत्याचे यजमान. सोफ्यात बसले की उठायला हात द्यावा लागणारे, बिनसाखरेचा चहा मागून घेणारे आणि मग आत्या आत गेली की दोन जिलब्या उचलणारे. तो वयाचा, पोटाचा आणि आळसाचा आजार होता. मी तब्येतीकडे परीक्षेसारखं बघत होते. अभ्यास केला की मार्क मिळतात. मी अभ्यास केला होता, आणि कुणीतरी दुसऱ्याच मुलीचा पेपर माझ्या नावावर तपासला होता.

रक्त द्यायला निघाले त्या सकाळी आईने दारात माझ्या हातावर दहीसाखर घातली. परीक्षेला, इंटरव्ह्यूला, महत्त्वाच्या कुठल्याही कामाला आमच्या घरातलं कुणी दहीसाखर खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मी ती चाटली, हात धुतला आणि चप्पल घातली. लॅबमधल्या माणसाने विचारलं, काही खाल्लं-प्यायलं नाही ना? मी म्हटलं, नाही. मला ते खोटं वाटलं नाही, कारण दहीसाखरेला आमच्याकडे कुणी खाणं म्हणत नाही.

रिपोर्टमध्ये साखर खूप निघाली. डॉक्टरांनी आता शंका नाही म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि एवढ्या लहान वयात झालाय तर मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. घरी आल्यावर बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आई भाजी निवडायला घेऊन बसली आणि मध्येच तिचा हात थांबला.

"अगं, दहीसाखर," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता आणि आनंदही होता. तिच्याच हातून चूक झाली होती आणि ती तिला हवी होती. बाबांनी लगेच वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग मीही ग्लुकोजचं सांगून टाकलं. रोज मूठ मूठ ग्लुकोज खाणाऱ्या मुलीच्या लघवीत साखर नाही तर काय सापडणार! दोन्ही तपासण्यांना आमच्याकडे आता उत्तर होतं. बाबा मुलुंडच्याच एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. ते म्हणाले की माप चुकलं असेल तर आधी मापायची पट्टी तपासायची. आठवडाभर साखर अजिबात बंद ठेवायची आणि दुसऱ्या लॅबमध्ये, दुसऱ्या माणसाकडून, पुन्हा तपासायचं असं ठरलं. मोठे डॉक्टर त्यानंतर. गोळ्या टेबलावर तशाच राहिल्या. त्या रात्री आम्ही तिघं बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

तो आठवडा मी फार नेमाने वागले. चहात साखर नाही, केळं नाही, देवाच्या प्रसादाचा पेढासुद्धा नाही. सकाळी उठून आमच्या कॉलनीमागच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याने पळायचे. वर पोचल्यावर गुडघ्यांवर हात टेकून उभी राहायचे आणि स्वतःला विचारायचे, आजारी माणूस इथवर येईल का? उत्तर मला हवं तेच यायचं. खाली उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात, हे मी त्या प्रश्नात धरत नव्हते.

संध्याकाळी मैदानावरही जायचे. घरी तसं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिथे मात्र माझं काहीतरी बिघडलं होतं. पूर्वी मी तुकडीत शेवटपर्यंत टिकायचे, आता लवकर बाद व्हायला लागले. मी स्वतःशी म्हणायचे, ग्लुकोज बंद आहे म्हणून. डबा फिरत आला की मी तो पुढे सरकवायचे. पहिल्या दिवशी कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातली एक बुटकी, तिखट मुलगी म्हणाली, "काय गं, डाएट? लग्नबिग्न ठरलं की काय?"

"कॉन्व्हेंटचं ठरलं तर आपल्याला पत्रिका इंग्लिशमध्ये येणार यार," दुसरी म्हणाली.

"आली तर वाचणार कोण?" कप्तान म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. कप्तान हसता हसता माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मी बुटांची पिशवी शोधायला लागले, ती माझ्या पायाशीच होती.

दुसरी तपासणी घाटकोपरला केली. निघताना आई दारात उभी होती आणि तिने दोन्ही हात मागे घेतले होते. संध्याकाळी बाबा रिपोर्ट आणायला लॅबचा जिना चढून वर गेले आणि मी खाली उसाच्या रसाच्या दुकानासमोर थांबले. ते जिना उतरताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघत होते. एरवी ते जिना झरझर उतरतात. त्या दिवशी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरले.

आकडा आधीपेक्षा मोठा होता.

मी बोलायला सुरुवात केली. रक्त काढताना उशीर झाला होता, आदल्या संध्याकाळी भात जास्त झाला होता, आणखी काहीतरी. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाळा, आता कारण शोधायचं राहू दे." ते मला एरवी नावाने हाक मारतात.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आम्ही त्याच आठवड्यात गेलो. तिथल्या डॉक्टर बाई बारीक होत्या, सुती साडीवर पांढरा कोट, केसांत दोन-चार पांढरे. मी त्यांच्यासाठी इंग्रजीत प्रश्न तयार करून नेले होते. अनोळखी माणसासमोर मी नेहमी इंग्रजीच्या मागे उभी राहते. तिथे कुणी फार आत येत नाही. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, ग्लुकोज, दहीसाखर, डोंगराचा रस्ता, आणि मराठीत उत्तर दिलं.

त्या म्हणाल्या की डायबेटिस एक नसतो, दोन असतात. आत्याच्या यजमानांचा वेगळा आणि माझा वेगळा. माझ्या शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबत चाललं होतं, म्हणून वजन उतरलं, म्हणून तहान. गोळ्यांचा उपयोग नाही, इंजेक्शनच घ्यायला लागेल. आणखी थोडे दिवस काढले असते तर मला स्ट्रेचरवरून आणावं लागलं असतं, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं.

"पण मी इतकी पळते," मी म्हटलं. हे मात्र मराठीत आलं. "मग मला कसा झाला?"

"पळण्याने हा होत नाही आणि पळण्याने हा टळत नाही."

"मग मी काय चुकीचं केलं?"

"काही नाही."

ऐकणाऱ्याला या उत्तराने हलकं वाटायला हवं. बाजूला बसलेल्या आईने तर डोळ्यांना पदर लावला. मला मात्र ते फार जड गेलं. चूक असती तर सुधारता आली असती. ग्लुकोज सोडलं असतं, दही सोडलं असतं, आणखी पळाले असते. इतके दिवस मी रिपोर्टशी भांडत होते, कारण मला वाटत होतं की शरीर माझं ऐकतं. मी त्याला घडवलंय, तेव्हा त्याचं काय चाललंय हे माझ्याआधी कुणाला कळणार? आणि ते डिसेंबरपासून आतल्या आत काहीतरी बंद करत होतं, आणि मी त्यालाच हलकं होणं म्हणत होते.

खेळाचं विचारायला मी घाबरत होते, ते बाबांनी विचारलं. बाईंना खो-खो नीट माहीत नव्हता. त्यांनी मला तो समजावून सांगायला लावला. किती वेळ पळता, मध्ये किती थांबता, अचानक वळता का, पडता का. मी इतकं एका दमात बोललेलं आईबाबांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या की या महिन्यात नाही. आधी साखर ताब्यात येऊ दे, इंजेक्शन स्वतः घ्यायला शीक, मग खेळायला हरकत नाही. पण एक अट आहे. इंजेक्शन घेऊन पळताना साखर एकदम उतरली तर मी थरथरेन, बरळेन, कदाचित पडेन, आणि मला स्वतःला ते कळणार नाही. मैदानावरच्या मुलींना हे माहीत असायला हवं. एकीला नाही, सगळ्यांना.

निवड गेली होती, ते मला कळलं. पण त्या क्षणी निवडीपेक्षा ही अट मला जास्त कठीण वाटली. आई तर घरी येईपर्यंत म्हणत होती की हे बाहेर कुठे बोलायचं नाही, मुलीच्या जातीला असं काही चिकटलं की सुटत नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही. तिचं म्हणणं मला सोयीचंच होतं. मी न सांगता खेळ सोडला असता तर कुणी फार विचारलंही नसतं. अभ्यास, परीक्षा, घरच्यांना आवडत नाही. पळणाऱ्या मुलींचं असंच काहीतरी होतं आणि त्या दिसेनाशा होतात.

काचेची सिरिंज उकळायला, औषध भरायला आणि मांडीत सुई टोचायला मी शिकले. ते वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. वजन परत आलं, गुडघ्याची जखम सुकली. म्हणजे रोगाचं नाव बरोबर होतं, याचा तो सगळ्यात साधा पुरावा. मार्चच्या शेवटी एका रविवारी मी मैदानावर गेले.

मुली सरावाआधी कट्ट्यावर बसल्या होत्या. कप्तान जिल्ह्याकडून खेळून आली होती. माझ्या जागी कोण गेलं हे मी विचारलं नाही. मी तयार करून आणलेलं पहिलं वाक्य विसरले आणि नुसतं म्हटलं की मला डायबेटिस आहे, रोज इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि मी पळताना वेड्यासारखं बोलायला लागले तर मला साखर खायला घाला.

बुटकीने विचारलं, हे लागण होऊन होतं का. मी नाही म्हटलं. कप्तानने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इंजेक्शन कुठे घेतेस?"

"मांडीत."

"मोडतो का पाय?"

"नाही."

"मग बसलीयेस काय? दोन महिने गायब. आम्हाला वाटलं कॉन्व्हेंट गेली लग्न करून." आणि ती सरांना सांगायला निघाली. सरांनी मात्र लगेच मान्य केलं नाही. ते म्हणाले, मला जबाबदारी नको. बाबांना येऊन त्यांच्याशी बोलावं लागलं, तरी पुढे कितीतरी दिवस ते मला एकटीलाच मैदानाभोवती पळायला लावत आणि दुरून बघत उभे राहत.

मी पुन्हा सामन्यात उतरले तो सामना ठाण्याच्या एका क्लबशी होता. मैदानाच्या एका बाजूला व्यायामाच्या बारवर लटकणारी मुलं होती, दुसऱ्या बाजूला समोरच्या क्लबच्या मुलींचे आईवडील. पंचांची शिट्टी व्हायची होती. मी तुकडीतल्या दोघींबरोबर आत जायला निघाले आणि मागून कप्तानचा आवाज आला.

"ए, सकाळची सुई घेतलीस ना?"

सगळ्यांनी ऐकलं. बारवरच्या मुलांनी, आईवडिलांनी, चौकोनात बसलेल्या समोरच्या मुलींनी. पंचांनीसुद्धा माझ्याकडे बघितलं. महिनोन्‌महिने मी जे शब्द तोलून मापून मोजक्या लोकांना दिले होते, ते तिने चप्पल विसरल्याच्या थाटात मैदानभर फेकले. उत्तर मिळेपर्यंत ती गप्प बसणार नाही, हेही मला माहीत होतं.

"घेतली," मी ओरडले.

त्या डावात मी फार टिकले नाही. खांबाला वळसा घालताना त्यांची एक लांब हाताची मुलगी माझ्या पाठीला लागली आणि मी बाद झाले. बाहेर येऊन बसले तेव्हा छाती धडधडत होती. हात थरथरत आहेत का ते मी बघितलं. थरथरत नव्हते. तरी मी कप्तानला म्हटलं की बहुतेक साखर कमी झाली असेल.

तिने माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि सोडून दिला.

"साखरबिखर काही नाही," ती म्हणाली. "वळताना खांबाकडे बघत होतीस. तिच्याकडे बघायचं."